प्रूफ ओके

कोंढव्यात, टँकर थांबतो त्याच्या समोर आमचं दुकान:
फ्लेक्स, झेरॉक्स, लग्नपत्रिका, स्पायरल.
एकोणीस वर्षं मी तिथे
माणसांच्या नावाआधीचे शब्द टाइप करतोय.
कार्यसम्राट. विकासपुरुष. तरुणांच्या गळ्यातील ताईत.
एक फाइलच आहे, डेस्कटॉपवर.
नाव बदललं की त्याच मापात बसतात,
रेडिमेड सदऱ्यासारखे,
खांद्यात थोडे ढिले, पण तक्रार कोण करतं?

लुवुयो आला पावणेनवाला, शटर अर्धं खाली असताना.
फार्मसीचं तिसरं वर्ष, मागच्या सोसायटीत चौघांत राहतो,
"भाऊ" आणि "सुट्टे नाहीत" एवढं चोख मराठी.
मोबाइलवर फोटो: डोक्याला कातड्याची टोपी,
हातात दोन काठ्या, तोंड उघडं,
जसं लांबच्या कुणाला हाक मारतंय.
आजा, म्हणाला. मंगळवारी गेला.
उम्ताताच्या पलीकडे गाव, तिकीट परवडत नाही.
ए-थ्री काढ. मॅट. भिंतीला लावायचाय.

मी सवयीनं विचारलं, खाली काय?
भावपूर्ण श्रद्धांजली टाकू?

हसला. त्याच्यासाठी लिहायचं नसतं, म्हणाला.
तो बोलायचा.
इम्बोंगी.
राजाच्या पुढे चालणारा, राजाच्या आधी पोचणारा आवाज.
नेमणूक नाही, पगार नाही.
एक दिवस माणूस गर्दीतून उठून बोलायला लागतो
आणि गर्दी त्याला खाली बसवत नाही,
तेवढंच प्रमाणपत्र.

मग लॅमिनेशनच्या मशिनला टेकून
आजाचं एक म्हणून दाखवलं त्यानं.
आधी त्याच्या भाषेत. मधेच जिभेचे आवाज,
टाळूवर कुणी सुपारी फोडावी तसे.
शेजारचा चहावाला तुळशीदास
पातेलं हातात धरून उभाच राहिला, दूध उतू गेल्यावरसुद्धा.
मग अर्ध्यामुर्ध्या हिंदीत मला:

काळा बैल, डोंगराच्या खांद्याचा,
ज्याच्या डुरकणीनं नदी वळण बदलते,
ज्यानं एकट्यानं कुंपण मोडलं
आणि सगळ्यांच्या आधी पाणी प्यायला.
वासरं अजून काठावर उभी आहेत.
बैला, मागे बघ.

आणि राजा? मी विचारलं.
ऐकतो. ऐकावंच लागतं.
स्तुती चाललीय ना, मधेच उठता येत नाही.

साठ रुपये घेतले मी त्याच्याकडून.
नको होते घ्यायला.

पुढच्या आठवड्यात आबाशेठचा वाढदिवस.
वीस बाय दहा, खाली शुभेच्छुकांची एकतीस गोल तोंडं.
फाइल उघडली. "पाणीदार नेतृत्व" उचललं,
सोनेरी केलं, सावली दिली,
आणि हात तिथंच थांबला.
बाहेर टँकर आला होता, कळश्यांचा तो आवाज.
मी खाली टाइप केलं, फाइलीत नसलेलं:

ज्यांचे टँकर कधी थांबत नाहीत
हंडे अजून रांगेत उभे आहेत
आबा, मागे बघा

व्हॉट्सॅपवर पाठवलं. रात्रभर डोळा नाही.
सकाळी अंगठा आला. मागून:
प्रूफ ओके. फोटो अजून गोरा कर.

चौकात लागला. तीन दिवस मी फोनकडे बघतोय.
आबा येऊन खाली उभे राहून फोटो काढून गेले.
एकतीस जणांनी आपापलं तोंड शोधलं, सापडलं.
वाचलं कुणीच नाही.
एकोणीस वर्षांत कुणी काय वाचलंय,
हे मला तेव्हा कळलं.

चौथ्या दिवशी रांगेत एक पोर, दुसरीतली असेल,
कळशी डोक्यावर उलटी, टोपीसारखी,
बोट वर करून अक्षरं लावत होती, मोठ्यानं:
हं-डे… अ-जून… रां-गेत…
आ-बा… मा-गे… ब-घा.

आधी एक बाई वळली, मग तिच्या पुढची,
मग सगळी रांगच मागे बघायला लागली,
तिथं कुणी नव्हतं, रस्ता होता नुसता.

हसलं नाही कुणी.
पोरीच्या आईनं कळशी पुढे सरकवली,
पदरानं मान पुसली
आणि म्हणाली, काय गं ते?
परत वाच.