कंदील

पहाटे मतलई डोंगरावरून खाली उतरते,
तिला काजूच्या मोहोराचा वास असतो, शेणीच्या धुराचाही.
दादू गिरप म्हणाला, इंजिन नको.
नऊपर्यंत हा वारा आपला,
मग त्याचा तो.

शीड जुनं, तीन ठिकाणी ठिगळं.
त्यातलं एक निवडणुकीच्या फलकाचं:
हात जोडलेला अर्धा माणूस
आमच्या डोक्यावर फुगत गेला निवतीच्या खाडीबाहेर.

किनारा एकदम मागं पडला नाही.
आधी कुत्र्यांचं भुंकणं गेलं.
मग माड वेगवेगळे दिसेनात, नुसती हिरवी कड उरली.
मग कळस. मग
कुठल्या खिंडीत आपलं घर, तेच कळेना.
उलांडी पाण्याला टेकत होती, सुटत होती,
पुन्हा टेकत होती.

बाबा ह्याच वाटेनं जायचे, तीन-तीन महिन्यांसाठी.
बरोबर कांदे, सुकट, काडेपेट्या, मेणकापडात तांदूळ
आणि रद्दीतली वर्तमानपत्रं. कितीही जुनी.
तिथं सगळंच ताजं, म्हणायचे.
रात्री खडकावरचा दिवा फिरायचा.
आमच्यापर्यंत पोचायचा फक्त एक ठिपका,
लागायचा, विझायचा.
आई मोजायची. मग पडवीत येऊन
कंदील तीनदा वर-खाली करायची.
सुट्टीवर आले की चपला काढायच्या आधी विचारायची,
दिसला?
दिसला की, बाबा म्हणायचे,
त्या मंगळवारी जरा उशीर केलास.

खडक आला तो आधी वासानं:
पाखरांची शिट, ओला दगड.
गुहेतून पाकोळ्या सुटत होत्या,
आतून कुणी मूठमूठ काळे तीळ फेकावेत तशा.
पांढऱ्या पायऱ्या, खालच्या चार समुद्रानं खाल्लेल्या.
वर मनोरा. त्याला आता माणूस लागत नाही,
काचेच्या पाट्या दिवसभर ऊन पितात.
दादूनं लाटेचा अंदाज घेतला. पुन्हा घेतला.
'उतरूक गावाचा नाय,' म्हणाला.

तेव्हा मी मागं वळून बघितलं.
एक निळसर रेघ,
तीही आपण आहे म्हणायची म्हणून.
लख्ख ऊन पडलेलं, आणि मला
आमची अख्खी टेकडी सापडेना.

साडेनऊला मतलई मेली.
शीड लोंबलं, जोडलेले हात सुटल्यासारखे झाले.
दादूनं विडी पेटवली.
बराच वेळ आम्ही कुणाच्याच वाऱ्यात नव्हतो.
मनोऱ्याची सावली होडीवर आली, सरकली.
बावीस वर्षं तो माणूस तिथं उभा राहून
काळोखाकडं बघत होता
आणि घरी येऊन वार सांगत होता.

मग पश्चिमेला पाणी सुरकुतलं, काळं पडत आलं.
दादूनं विडी पाण्यात टाकली, दोर हातात घेतला.

आई खळ्यात कोकमं वाळत घालत होती.
वर न बघता म्हणाली, 'घर दिसलां?'
'दिसलां,' मी म्हटलं.
तिनं दोन सोलं उलटी केली, एक पुन्हा सुलटी.
'बापाशीसारख्याच खोटां बोलतंस.
त्या मंगळवारी मियां कंदील लावूकच नाय.
रॉकेल सोपलेला.'