दुसरा गिअर

कुर्ल्याला परकारांच्या गॅरेजात
गोणपाटावर दोन गिअरबॉक्स.
एक ऑटोमॅटिक, भंगारातल्या जपानी जीपचा.
दुसरा आपलाच, दात झिजलेला.

"डावा गुडघा बदललाय ना?
मग क्लच कशाला, बाई?"

खरंय. सायन सर्कलला
अर्ध्या क्लचवर तासभर – गुडघ्याला विचारा.
फोर-व्हीलचा आखूड दांडा तर
आरेच्या चिखलानंतर हललाच नाही.

पण दुसरा गिअर टाकताना ही पिकअप जरा अडते,
दोनदा क्लच मारायचा,
मध्ये इंजिनाला खाकरू द्यायचं.
हे कुणी शिकवलं नाही.
तळव्याला कळलं, चौऱ्याऐंशी साली,
असल्फ्याच्या चढावर,
मागे बर्फाच्या लाद्या वितळत असताना.

"ह्याचेच दात नवे बसवा."
परकार गुडघ्याकडे बघतात.
"आणि क्लच?"
"तेवढा हलका करा."