निळ्या रेषेतलं दार

सदतीस वर्षं शिट्टी फुंकली.
आता ती गाडीच्या खणात पडून असते;
डेल्फीनच्या कानात सुईसारखी शिरते म्हणून.
मी नुसता हात वर करतो. खेळ थांबतो.
कधी थांबतही नाही.

थंडर बे. शनिवार. बाहेर उणे एकतीस.
आर्वो पक घेऊन येतो
आणि निळ्या रेषेशी थबकतो.
रेघ ओलांडायची नसते, हे त्याला
लहानपणी कुणीतरी फारच नीट शिकवलंय.

पुसणार कशी? रंग बर्फाच्या पोटात.
नोएला समजावून थकली.
मग एकदा समोरच्यांचा गोलकीपर
जाळं सोडून आला,
स्केट आडवे धरून घासत राहिला,
खर्र, खर्र,
पांढऱ्या भुशाखाली
दाराएवढी रेषा बुजेपर्यंत.

आर्वो त्यातून गेला, मान वाकवून,
चौकट डोक्याला लागेल तसा.

पक मात्र अलीकडेच राहिला.
म्हणजे, पुस्तकाप्रमाणे, ऑफसाइड.
माझा हात खिशात होता.

खेळ संपला की यंत्र फिरतं,
रेषा पुन्हा निळीशार.
हल्ली मी वीस मिनिटं आधी पोचतो.
गुडघे कुरकुरतात,
पण घासायला जमतं अजून.