मापाला अंगठा

पुन्हा एक लोकरीचा गोळा.
कोसांगाच्या चढावर, खांब नंबर एकेचाळीस,
रात्री दोन वाजून दहा मिनिटं.
शेजारी मापाला एलियास तांगिलाचा अंगठा,
नखात तारांचं काळं.

मी कीतोत बसून फोटो मोठा करते,
आणखी मोठा,
मग पतंग उरत नाही, नुसते चौकोन उरतात
सायीच्या रंगाचे.

लोकरीवरून ओळख पटत नाही, एलियास.
इतक्या उंचीवर, थंडीत, लोकर सगळ्यांनाच असते.
मला मिशा हव्यात, पिसासारख्या की दोऱ्यासारख्या.
मागचा पंख हवा, जो हा पोटाशी दुमडून बसलाय.
पंखातल्या शिरा हव्यात, आणि त्या नेमक्या
या गुबगुबीत कोटाखाली.
"जरा फुंकर मारून बघ ना," मी लिहिते.
तो लिहितो, "झोपलाय."

मग वहीत: कुळ बहुधा बायूकांचं,
ज्यांची अळी अंगावरून गेली
तर तीन दिवस हात पेटतो.
मोठेपणी मात्र हे असे,
पावडरच्या डब्यातल्या पफसारखे.
जात: ठाऊक नाही.

अकरा वर्षांत आठशे फोटो.
सत्तावीस नावं पक्की. बाकी सगळे
"याच्यासारखा", "त्याच्या जवळचा", "बहुतेक".
एकदा तर पतंग समजून तासभर
मी त्याच्या टोपीचा गोंडा निरखत होते.

एलियासला मी पाहिलेलं नाही.
अंगठा मात्र कुठेही ओळखेन:
पेरावर भाजल्याची चंद्रकोर,
नखाला अलीकडे पडलेली उभी चीर,
आणि मार्चमधले ते चार हललेले फोटो,
ज्यांबद्दल मी विचारलं नाही.

मागच्या महिन्यात कंपनीचा ट्रक आला.
जुने पाऱ्याचे दिवे उतरवून एलईडी.
चढवणारे हात त्याचेच, नोकरीच ती.
"स्वच्छ उजेड पडतो," तो लिहितो,
"लोक खूश आहेत. खांबावर कुणी येत नाही."
एकेचाळीसचा दिवा त्याने शुक्रवारपर्यंत ठेवला,
शिडी नाही म्हणून.

शनिवारी फोटो आला.
सिमेंटचा ओला खांब, पांढराफटक.
मधोमध अंगठा.
मापायला शेजारी काही नाही.

सवयीने मोठा केला.
नखाच्या कडेला जराशी लव चिकटलीय,
किंवा हातमोज्याचा कापूस.
वहीत तारीख घातली, खांबाचा नंबर घातला.
जातीच्या रकान्यावर
पेन अजून तसंच टेकलेलं, शाई पसरतेय.