मुक्काम : वेंगुर्ले

कागदावर दहा तास.
त्यातला पाऊण सड्यावरच्या विमानतळावरून खाली उतरताना गेला,
अर्धा बांगड्याचे काटे काढण्यात,
एक अंघोळ, घरचा फोन आणि इस्त्रीत,
आणि पहाटेचे दोन आधीच परतीच्या गाडीकडे गहाण.
उरेल त्याला कंपनी विश्रांती म्हणते.

कॅप्टन कुरियननी शिकवलेलं सगळं करते.
पँटच्या हँगरचे चिमटे पडद्याच्या फटीला,
दाराखाली टॉवेलची गुंडाळी,
टीव्हीच्या लाल ठिपक्यावर केळ्यावरचं स्टिकर,
एसी एकोणीसवर, पायात मोजे,
फोन पालथा, तोही बाथरूममध्ये.
मग श्वास : चार मोजून आत, सात धरायचे,
आठ मोजत सोडायचे.
धरलेल्या सातात आठवतं
की उद्याचं लँडिंग माझं आहे.

आता झोप लागायलाच हवी –
हे वाक्य मी इतक्या गावांत उताणी पडून म्हटलंय
की एव्हाना छतांना पाठ झालं असेल.
काल रात्रभर जागी, परवा झोपले भर दुपारी.
शरीर विचारतं, आज कुठली पाळी?
आणि उत्तराची वाट बघत
टक्क उघडं राहतं.

शिवाय समुद्र. कुरियननी त्याचं काही सांगितलं नव्हतं.
त्याला लावायला चिमटा नाही.
लांब खडकावरचं दीपगृह, कुठून कोण जाणे,
फट शोधून भिंतीवर एक बोट फिरवून जातं,
आणि ते परत कधी येईल
हे मी मोजत बसते.

पाऊण वाजता खाली गेले. पाणी हवंय, असं सांगून.
वॉचमन झिलू रेडकर. बत्तीस वर्षं बोटीवर खलाशी,
गुडघे गेल्यावर इथे, प्लास्टिकच्या खुर्चीत.
त्याने बाटली दिली आणि माझ्या डोळ्यांकडे बघितलं.
"मॅडमनू, निजेक हाक मारू नकात.
ती मांजरासारी. हाक मारलास तर माडार चढतली."

तुम्ही कसे झोपायचात बोटीवर?
जाळं टाकलं की दोन तास, म्हणाला,
ओढायची वेळ झाली की लाथ.
ओल्या दोरखंडांवर, इंजिनाच्या उशाशी,
डिझेलच्या वासात, मेल्यासारखी झोप.
पण लागायची कशी?
त्याला प्रश्नच कळला नाही.
"तांडेल जागो आसा मां.
मगे आपण कित्याक जागाचा?"

विमानात आम्ही दोघं असतो.
एकाने हात काढायचे तर दुसऱ्याने
मोठ्याने म्हणायचं असतं : आय हॅव कंट्रोल.
ऐकलं की खांदे आपोआप खाली येतात.
खोलीत हे म्हणणारं कुणी नसतं.
खोलीत मी एकटी,
दोन्ही खुर्च्यांवर.

"जावा तुमी. मी आसंय हय.
साडेचाराक दार वाजयतंय."

वर आले. चिमटे तसेच, टॉवेल तसाच.
श्वास तेवढे मोजले नाहीत.
दीपगृहाचं बोट एकदा फिरलं.
दुसऱ्यांदाही फिरलं असेल.

जाग आली चार बावीसला, आपली आपण.
साडेचार झाले. चार पस्तीस.
दार वाजलं नाही.

बूट हातात घेऊन जिना उतरले.
झिलू खुर्चीत, मान मागे टाकून, तोंड उघडं,
पोटावर टॉर्च पेटलेली, उजेडाचा गोल छतावर
त्याच्या श्वासाबरोबर वरखाली.
मतलई सुटली होती,
रजिस्टरची पानं एकेक करून उलटत होती.

टॉर्च विझवली. किल्ली ठेवली, तिचा आवाज मुठीत धरून.
आणि नियम म्हणून, अगदी हळू,
आय हॅव कंट्रोल, म्हटलं.
तो जरा आणखी घसरला खुर्चीत.

बाहेर गाडीला टेकून ड्रायव्हर जांभई देत होता,
लांब, दाढा दिसेपर्यंत.
मी मागचं दार उघडलं होतं, ते लावलं,
आणि पुढे बसले, त्याच्या शेजारी.
सड्यावर पोचेपर्यंत
त्याला त्याच्या गावाबद्दल विचारत राहिले.