कुणी हसू नये म्हणून

दवाखान्यात हाच वायू मी मुलांना हुंगायला देते.
नाकावर गुलाबी टोपण, स्ट्रॉबेरीचा वास,
दाढ निघते आणि पोर छताकडे बघत खुदकन हसतं.

बापाच्या बोटीतल्या निळ्या बाटलीत तोच वायू.
फक्त त्यात कारखान्यातच
गंधकाची घाण कालवलेली असते,
कुणी हसू नये म्हणून.

कोलंबीचा भाव पौंडाला डॉलरच्या खाली गेला
त्या वर्षी त्याने ती विकत आणली.
एवढ्यात नवं जाळं आलं असतं, मी म्हणाले.
जाळं टाकून मिळतं काय, तो म्हणाला,
आणि पाना शोधायला लागला.

इंजिनाला तेल पाजाल तेवढं कमीच,
पण हवा हवेएवढीच मिळते.
ही बाटली म्हणजे उसना श्वास.
परतफेड कुणी, कधी, कशात करायची
ते लेबलावर लिहिलेलं नसतं.

शनिवारी बायूच्या दोन्ही काठांवर खुर्च्या.
पातेल्यांत क्रॉफिश, कणसं, लाल तिखट वाफ.
बोटी जाळी उतरवून, बर्फाच्या पेट्या काढून
हलक्या होऊन येतात,
कोळणीने टोपली घरी ठेवून लग्नाला यावं तशा.
वास तेवढा बरोबर येतो.

आमची बोट 'मिस ओडील'. आईचं नाव.
आई होती तोवर ही बोट
धक्क्याला लागताना लाटसुद्धा उठवत नसे.

थंड बाटलीत जोर नसतो.
म्हणून तो टॉवेल गरम पाण्यात पिळतो,
बाटलीला गुंडाळतो, हात ठेवून बघतो,
पुन्हा पिळतो. काटा सातशे. आठशे.
टॉवेल कुणाचा ते मी ओळखलं.
काही बोलले नाही.

त्याची दाढ मीच धरून ठेवली होती, मागच्या हिवाळ्यात.
मी मास्क पुढे केला तर त्याने मनगट पकडलं:
नको, सेलेस्टीन. हसवू नकोस.
आणि शुद्धीत, खुर्चीचे हात धरून,
डॉक्टरला मुळासकट काढू दिली.

पलीकडे क्लोव्हिस शेरामी,
तेलकंपनीचा पगार, दोन टर्बो, नवा रंग.
झेंडा पडला.
पहिल्या शंभर यार्डांत क्लोव्हिस बोटभर पुढे,
मग हातभर.
मग बापाने अंगठा दाबला.

आवाज बदलला.
घोगरा होता तो
मांजरपाट टर्र फाडावा तसा झाला.
नाक आभाळात, सगळा तळ पाण्याबाहेर,
नुसता पंखा तेवढा बायूला चावून धरलेला.
अकरा सेकंद.
बाटलीवर हिमाचा पापुद्रा, मे महिन्यात.
वाऱ्याने जळक्या काडीचा वास काठावर आणला
आणि मी पाहिलं, चाकामागे उभा
युलिस व्हर्डिन, वय त्रेसष्ट,
दाढेची खिंड दिसेपर्यंत तोंड उघडून
हसत होता.
गंधक असून.

मग चौथ्या सिलिंडरने हिशेब मागितला.

दणका मोठा नव्हता. काळा धूर. बोट बसली पाण्यात,
दमलेली म्हैस बसते तशी.
क्लोव्हिस जिंकला, वळला,
आणि दोर टाकून आम्हांला ओढत आणलं त्यानेच.

पिस्टनला भोक पडलं होतं, डॉलरच्या नाण्याएवढं,
कडा मेणासारख्या ओघळलेल्या.
बापाने ते डोळ्याला लावून
माझ्याकडे बघितलं. दिसतेस, म्हणाला.

सोमवारी हंगाम उघडला.
पहाटे चारला त्याने पांढरे गमबूट चढवले,
डबा घेतला आणि क्लोव्हिसच्या बोटीवर गेला,
तिसऱ्या हिश्श्यावर, कोलंबी निवडायला.

बाटली ओट्यापाशीच होती, टॉवेलात.
मी हात लावला. गार.
काटा तीनशेवर.
टॉवेल काढायला गेले
आणि तसाच ठेवला.