छपरावरची जमा

बावीस वर्षं मी या डाळमिलचं लाइटबिल भरतोय.
बारा तारखेला पाकीट यायचं.
पुखराजशेठ आधी चष्मा पुसायचे, मग रक्कम वाचायचे,
मग पुन्हा चष्मा पुसायचे.

रात्री युनिट स्वस्त,
म्हणून जळगावच्या एमआयडीसीत आमची तूर रात्री भरडली जायची
आणि सुपडू कोळी रात्र जागायचा हॉपरच्या तोंडाशी,
भुशानं भुवया माखून.
दिवसभर ऊन नुसतं पडून असायचं छपरावर,
घरजावयासारखं,
बिनकामाचं आणि तापट.

मग फैजपूरहून हेमांगी भंगाळे आली.
कमरेला पट्टा, तोंडाला स्कार्फ,
शिडी कुणी धरायच्या आत वर पोचलेली.
"स्क्रूच्या रांगेवरच पाय ठेव, मधे पत्रा बसतो,"
सुभान तडवीला ओरडून सांगत होती.
मी खाली, हातात व्हाउचर.
विचारलं, "मे महिन्यात तर धो धो बनेल ना वीज?
सत्तेचाळीसपर्यंत जातो पारा आपल्याकडे."
ती हसली.
"काका, पॅनलला उजेड लागतो, ताप नाही.
फार तापलं की तेही मंदावतं.
फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा तुम्ही."

बघितलं. आणि नवतप्यात, दुपारी दोनला,
भिंतीवरच्या छोट्या पडद्यावर आकडा उतरतानाही बघितला.
का कोण जाणे, बरं वाटलं.
म्हणजे सूर्याच्या थेट नोकरीत असलेल्यालाही
जेवणानंतर डुलकी लागते.

डाळीची भुकटी काचांवर बसते.
दर चौथ्या दिवशी, उजाडायच्या आत, रुखमा वर जाऊन पाणी मारते.
पन्हाळीतून खाली येतं ते पिवळसर,
पातळ वरणासारखं.
कुत्री येऊन चाटून जातात.

पहिलं बिल आलं.
शेठनी चष्मा पुसला, वाचलं,
आणि चष्मा नाकावर तसाच राहिला.
"विभांडिकभाऊ, छापताना काही राहून गेलं का यांचं?"

रविवारी मिल बंद, मीटर उलटं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
वीज कंपनी माझ्या वहीत जमेच्या बाजूला.
मी तो आकडा दोनदा गिरवला.
त्याखालीच, त्याच पेनानं,
रात्रपाळीचा भत्ता कापला सात माणसांचा.

सुपडू दिवसा यायला लागला. डोळे बारीक करून,
भिंतीच्या कडेकडेनं.
रात्री घरी झोप येत नाही म्हणाला,
फार शांत असतं.
बायकोनं एकदा रिकामा मिक्सर चालवून दिला थोडा वेळ,
तेव्हा लागला डोळा.
मी हसलो. तो हसला नाही.

गोदामाच्या गच्चीवर पॅनल उंच घोड्यांवर बसवलेत.
त्यांच्या खाली सावली पडते,
लांबट, पट्ट्यापट्ट्यांची, दुपारभर सरकत जाणारी.
हमाल तिथे कळण्याची भाकरी सोडतात
आणि सावलीबरोबर ढुंगणानं सरकत सरकत जेवतात.
खालचं गोदामही चार अंशांनी निवलंय.
ही सावली मी कुठल्या खात्यात लिहू?
कोटेशनमध्ये नव्हती, बिलात नाही.
शेठना विचारलं.
"घसाऱ्यात टाका," म्हणाले, आणि फोन घेतला.

काल दुपारी सुपडू चाळणीपाशी उभा होता.
वरच्या झडपेतून ऊन सरळ डाळीवर पडलेलं,
मशीन त्याच उन्हावर चाललेली.
त्यानं मूठभर डाळ उचलली, उजेडात धरली,
बोटांमधून सोडली,
परत उचलली.
"भो," म्हणाला, "दाय इतकी पिवयी ऱ्हाते?"
ट्यूबलाइटखाली त्याला ती इतकी वर्षं पांढुरकीच दिसलेली.

मी काही बोललो नाही.
त्यानं मूठ परत ढिगात रिकामी केली,
हात झटकले
आणि मग, माझ्याकडे न बघता,
"भत्त्याचं काय झालं?"